माळावरच्या गवतांची नावं

आमच्या घरात माझ्याआधी कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या पलीकडं आमचं गाव. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणार म्हटल्यावर चुलते हसून म्हणाले, "झाडंझुडपं बघायला धाराशिवला कशाला जायचं? बांधावर काय कमी हायत व्हय?" वडील मात्र सकाळच्या एसटीनं माझ्यासोबत आले आणि विद्यापीठाच्या फाटकापाशी पिशवी माझ्या हातात देऊन परत फिरले.

विद्यापीठाचं मुख्य आवार दूरच्या शहरात. आमच्याकडं होतं ते त्याचं उपकेंद्र, पण मला तेही अफाट वाटलं. विभागात गेले तर म्हणाले कार्यालयात जा, कार्यालयातून परीक्षा विभागात, तिथून झेरॉक्सच्या दुकानात. दुपारपर्यंत मी दमून एका पायरीवर बसले. हातात चाव्यांचा जुडगा असलेला एक पिकल्या केसांचा माणूस जवळ येऊन थांबला.

"कुठल्या गावची ग तू?"

"वाशीकडची."

"जेवलीस का?"

मी नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, "आधी भाकर खा. कागद कुठं पळून जात न्हायत."

हे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. सगळे त्यांना मामा म्हणत. त्या दिवशी तेच मला टेबलाटेबलाशी घेऊन फिरले आणि पाचच्या आत माझा प्रवेश झाला.

हळूहळू आवार माझं झालं. सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दाराशी बॅगांची रांग लागायची. माणसं चहाला गेलेली आणि बॅगा उभ्या. वसतिगृहात माझ्या खोलीत एक परंड्याची होती, एक उमरग्याकडची. उमरग्याची आईशी फोनवर कानडी मिसळून बोलायला लागली की आम्ही दोघी नुसतं ऐकत बसायचो. सेमिनारमध्ये माझ्या तोंडून "लई" निघालं तेव्हा वर्ग हसला. मॅडमनी मला थांबवलं नाही, हसणाऱ्यांना थांबवलं. "विषय बरोबर मांडतेय ना? मग ऐका." एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर बोलताना माझी जीभ अडखळली नाही.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी गायरानातली गवतं आणि रानवनस्पती घेतल्या. पावसाळाभर फिरून नमुने गोळा केले. एकेक रोप वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचं, लाकडी फळ्यांत दाबायचं, रोज कागद बदलायचा, वाळलं की जाड कागदावर चिकटवायचं. शास्त्रीय नावं मी पुस्तकातून काढली होती. गावाकडच्या नावांची जागा बऱ्याच ठिकाणी कोरी होती.

तोंडी परीक्षेला आठ दिवस राहिले असताना सकाळी प्रयोगशाळेत गेले तर जमिनीवर पाणी. छतालगतचा पाइप फुटला होता आणि त्याच्या बरोबर खाली माझा गठ्ठा. वरच्या कागदांचा लगदा झाला होता. मी तिथंच भिंतीला टेकून रडायला लागले.

मामांनी आधी पाणी बंद केलं. मग एकेक घडी उलगडून बघितली. "खालची वाचत्याल. इस्त्री हाय का हॉस्टेलात?"

खोलीतल्या दोघींनी सगळं वसतिगृह पालथं घालून तीन इस्त्र्या आणल्या, शिवाय जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग. दिवसभर आम्ही कागदात धरून रोपं वाळवत होतो. परंड्याच्या मैत्रिणीची स्वतःची परीक्षा तीन दिवसांवर होती. मी जा म्हटलं, तर म्हणाली, "गप. इस्त्री तापली का बघ."

तरीही बरेच नमुने गेलेच. रविवारी, सुट्टी असूनही, मामा मला माळावर घेऊन गेले. लहानपणी त्यांनी याच भागात शेळ्या राखल्या होत्या. कुठल्या ओघळीत काय सापडेल हे त्यांना चालता चालता कळत होतं. मी रोप उपटायचे आणि ते सांगायचे, "ही मारवेल. जनावर आवडीनं खातं. हा तरोटा, तुमच्या पुस्तकात टाकळा म्हणत असत्याल. ही कुर्डू, कवळी असली की भाजी करायची." एका बारीक तुऱ्याच्या गवतापाशी ते थांबले आणि म्हणाले, "ह्याचं नाव म्हाईत न्हाय. उगं खोटं कशाला सांगू?" मी वहीत भराभरा लिहीत होते. दोन वर्षं रोज या माणसाकडून काचेची भांडी मागून घेतली होती. हे एकदाही विचारलं नव्हतं. त्याची मला लाज वाटली आणि तसं मी बोललेही. मामा हसले. "आता इचारलंस की."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. पानं उलटताना ते विचारू लागले, "ही स्थानिक नावं कुठल्या ग्रंथातली?"

"ग्रंथातली नाहीत, सर. आमच्या मामांनी सांगितली. ते बाहेर उभे आहेत."

परीक्षकांनी त्यांना आत बोलावलं, स्वतः उठून खुर्ची पुढं केली. मामा आधी बसेनात. मग बसले आणि विचारलेल्या प्रत्येक नमुन्याबद्दल बोलले. सर टिपणं घेत होते. शेवटी ते मला म्हणाले, "प्रबंधात यांचं नाव घाला. आभाराच्या पानावर नाही, माहिती देणारे म्हणून."

मी तसंच केलं. छापील प्रत दिली तेव्हा मामांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "माझ्या पोरीला दावतो," म्हणाले आणि प्रत टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन गेले.

आज मी परंड्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मुलांना माळावर नेते, तेव्हा गुराख्याशी, खुरपणाऱ्या बायांशी आधी बोलायला लावते. विद्यापीठानं मला पदवी दिली, तिच्यावर नोकरी मिळाली, त्याचं ऋण आहेच. पण माहीत असलेल्या माणसाला विचारायला लाजू नये, हे मी तिथंच शिकले, आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांना दर दिवाळीत भेटून येते.