भिंगवाल्यांची वाफ

भिंगवाल्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची. बोटांचे ठसे ओळखणारी आणि फुकटचा पगार खाणारी. पहिल्या प्रकारात ते स्वतः होते. आणखी कोणी असल्याचं त्यांनी कधी कबूल केलं नाही.

गुन्ह्यांच्या तपासाची ती सरकारी प्रयोगशाळा. रोज सकाळी गळ्यात भिंग अडकवून हे महाशय व्हरांड्यातून निघायचे आणि प्रत्येक दारापाशी तोंडसुख घ्यायचे. विष तपासणारे म्हणजे "लोकांच्या उलट्या बरणीत जपणारे." हस्ताक्षरं जुळवणारे म्हणजे "शाळेत अक्षरावरून मार खाल्लेले." बंदुकीच्या गोळ्या तपासणारा "पाण्याच्या हौदात गोळ्या झाडतो आणि स्वतःला शूर समजतो." दातांवरून ओळख पटवणारा डॉक्टर अधूनमधून यायचा. "जिवंत माणूस याच्या खुर्चीत बसत नाही, म्हणून मेलेले धरतो!" प्रेतावरच्या अळ्यांवरून मृत्यूची वेळ सांगणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना तर ते तोंडावर विचारायचे, "काय बाई, बाळं जेवली का?" आणि मोबाइलमधलं पुसलेलं परत काढणारी पोरं? ती त्यांच्या खिजगणतीतच नव्हती.

सगळ्यात खालच्या पायरीवर डीएनएवाले. "थुंकी गोळा करणारे!" आणि नेमकी भिंगवाल्यांची एकुलती एक लेक तिथेच नोकरीला लागली. बापाने आठवडाभर अबोला धरला. घरातल्यांना तेवढीच विश्रांती.

लेक कामाला चोख. तिने विभागातर्फे एक नियम आणला. प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाने गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना द्यायचा. म्हणजे चुकून आपल्यातल्याच कोणाचा अंश पुराव्यावर पडला, तर तो लगेच ओळखता येईल. सगळ्यांनी दिला. अळीवाल्या बाईंनी तर हसत हसत दिला.

"मी काय दरोडेखोर आहे?" भिंगवाले गरजले. "कालची पोर माझ्या तोंडात काडी घालणार?"

मोठ्या साहेबांनी त्यांचं नाव यादीतून वगळलं. त्या जिभेला कोण तोंड देणार!

भिंगवाल्यांचे स्वतःचे नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ. जप्त केलेली वस्तू आधी त्यांच्या टेबलावर, मग बाकीच्यांकडे. त्यासाठी ते सगळ्यांशी भांडले होते. वस्तू हातात आली की ते ती तोंडाजवळ नेत आणि "हाऽऽ" करून वाफ सोडत. वाफेने काचेवर, पात्यावर ठसा क्षणभर उमटतो. ही त्यांच्या उस्तादांची रीत. आता पावडरी आल्या, रंगीत दिवे आले, पण यांची वाफ काही थांबली नाही. कोणी मास्क पुढे केला की म्हणायचे, "तो लावून वाफ काय कानातून सोडू?"

आणि मग तो अनोळखी पुरुष उगवला. आधी एका दुकानदाराच्या खुनातल्या सुरीवर त्याचा डीएनए सापडला. मग चोरलेल्या गाडीच्या आरशावर. मग दूर कुठल्या घरफोडीतल्या बाटलीवर. पोलिसांची पळापळ झाली. खुनीही हाच, गाडीचोरही हाच, घरफोड्याही हाच! असा अष्टपैलू गुन्हेगार काही केल्या सापडेना, तेव्हा पोलिसांनी प्रयोगशाळेवरच बोट ठेवलं. नमुन्यांच्या नळ्यांची सरमिसळ झाली असणार. खापर फोडायला डोकं हवं होतं, नव्या पोरीचं सापडलं. चौकशी बसली. खुलासा झाला नाही तर तिची नोकरी जाणार, आणि असा डाग लागल्यावर दुसरी प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नव्हती.

बापाने काय करावं? सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणावं, "मी आधीच सांगत होतो!" शाबास रे बापा!

रात्री जेवताना आई म्हणाली, "अहो, पोरीची नोकरी जातेय. दोन शब्द तिच्या बाजूने बोला की."

"थुंकीच्या धंद्यात दुसरं काय होणार?" भिंगवाल्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, "हाऽऽ" करून त्यावर वाफ सोडली, रुमालाने पुसला आणि उजेडात धरून पाहिला. घरातही हीच तऱ्हा. बायकोने नेहमीप्रमाणे कपाळाला आठ्या घातल्या.

लेकीचा घास मात्र हातातच राहिला. ती त्या ग्लासाकडे बघत बसली. मग उठून हात धुवायला गेली. न जेवता उठली म्हणून आई हळहळली. भिंगवाल्यांना वाटलं, लागलं वाटतं मनाला. लागू दे!

चौकशीच्या दिवशी सगळे विभाग जमले. भिंगवाले ऐटीत पुढच्या खुर्चीत बसले होते. आज त्यांच्या वाणीला धार चढली होती. "साहेब, पोर माझी असली तरी खरं ते खरं. हात चालत नाहीत, नुसतं यंत्र चालवतात ही मंडळी! नळी कोणती, नमुना कोणाचा, कसलाच पत्ता नाही."

"झालं बोलून?" साहेबांनी विचारलं आणि लेकीकडे वळले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

ती उभी राहिली. रडून रडून डोळे सुजले होते, पण आवाज स्थिर होता. "नळ्या बदललेल्या नाहीत, साहेब. तो पुरुष खरंच प्रत्येक वस्तूपाशी होता. आपल्या नमुन्यांत तो नाही, म्हणून तो कोणाच्या नात्यातला आहे का, ते मी तपासलं. एकीशी नातं जुळलं. बाप-लेकीचं."

"कोणाशी?"

"माझ्याशी."

आधी अळीवाल्या बाईंची मान वळली, मग बाकीच्यांच्या वळल्या. भिंगवाल्यांचा हात सवयीने भिंगाकडे गेला. ते तोंडाजवळ आलं, आणि तिथेच थांबलं. सुरी, आरसा, बाटली. प्रत्येक वस्तू आधी आपल्या हातात आली होती, आणि ती तशी यावी म्हणून भांडलो होतो आपणच. लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघायची हिंमत होईना.

"खात्रीसाठी नमुना लागेल," साहेब चाचरत म्हणाले.

लेक पुढे आली. हातमोजे घातलेले, नाकावर मास्क, हातात कापसाची काडी.

"तोंड उघडा, बाबा."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, भिंगवाल्यांनी एक शब्दही न बोलता तोंड उघडलं.