शेजारी ठेवलेले फोटो

फोन हातात घेतला की काकू आधी पदराने त्याची काच पुसायच्या. देवाची तसबीर पुसावी तशी. मग म्हणायच्या, "हं, आता बघ."

बघायचं ते त्यांच्या मुलीला. लग्न ठरलेलं असताना ती तापात गेली. फोन तिचाच होता. मागून फुगला होता, मध्येच बंद पडायचा. तिचे सगळे फोटो त्यातच, कागदावर एकही नाही.

इकडे हिंदी मुलखात, नया बाजारात, आमची दारं समोरासमोर. मी फारसं बोलत नाही, म्हणून काकू माझ्याकडे येऊन बसायच्या. अशा बायका तुमच्याही गल्लीत असतील. ऐकणारं माणूस त्या बरोबर हेरतात.

फोटो वाचवायचे कसे, हा एकच घोर त्यांना लागला होता. इंदूरचा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, क्लाउडवर टाक ना, सेफ रहेंगे."

"म्हणजे कुठे?"

"वर. इंटरनेटवर."

"वर पोरगी गेली तेवढी पुरे," म्हणून काकूंनी फोन ठेवून दिला.

बाड्यावरच्या, म्हणजे मोठ्या चौकातल्या, मोबाइलच्या दुकानात मी त्यांच्यासोबत गेले. दुकानदार म्हणाला, "माताजी, छोड़ जाओ. कल पेन ड्राइव में डाल दूँगा."

काकूंनी फोन छातीशी धरला. "परक्या माणसाकडे? माझ्या मुलीचे फोटो?" आणि पायऱ्या उतरल्यासुद्धा.

शेवटी त्यांनी आपली रीत काढली. "विरजण कधी एकाच घरात ठेवतात का ग? आपलं नासलं तर शेजारून वाटीभर आणता येतं." रोज दुपारी त्या गल्लीतल्या बायकांना व्हॉट्सॲपवर थोडे थोडे फोटो पाठवू लागल्या. मलाही. बायका हसायच्या, "लो, काकी का दही आ गया!"

उन्हाळ्यात फोन कायमचा बंद पडला. दुकानदाराने मान हलवली, आतलं काहीच निघणार नाही.

काकू दारोदार गेल्या. पहिली म्हणाली, "काकी, वो तो हटा दिए. फोन चल ही नहीं रहा था." दुसरीनेही तेच सांगितलं. तिसरीने दार अर्धंच उघडलं. काकू प्रत्येकीला म्हणाल्या, "कोई बात नहीं, बेटा."

मग माझ्याकडे आल्या. "तू नाही ना ग काढून टाकलेस?"

"नाही काकू. सगळे आहेत."

होतेच सगळे. पण धुरकट. नेट वाचावं म्हणून आमच्या ह्यांनी फोटो आपोआप उतरणं बंद केलेलं. एकेकावर दाबून तो उतरवून घ्यावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. आलेत म्हणजे आहेत, असं मी समजत होते. गेलेल्या मुलीला एकटीने उघडून बघायचा मला धीरही नव्हता. आता फार दिवस उलटले होते; दाबलं तर फोन सांगत होता, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा.

पाठवणाऱ्या काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या.

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. पदराच्या टोकाने काच पुसली. आत एक पिवळा डाग होता, बहुतेक तिच्या ओढणीचा. पुन्हा पुसली, जरा जोराने.

"हं," म्हणाल्या, "आता बघ."