पंख्याचं राहिलंच

माझ्या प्रबंधाचा विषय नुसता सांगतानाही माझी मान ताठ व्हायची. पुरवठासाखळीतल्या मजुरांच्या पिळवणुकीबाबत कंपन्यांचं उत्तरदायित्व! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत हे एका दमात म्हणू शकणारी मी एकटीच. कल्याणच्या कॉलेजात अकाउंटन्सी शिकवायचे, सुती साड्या कडक इस्त्री करून नेसायचे आणि भाजी घेतानाही पिळवणुकीवर बोलायचे. भाजीवाला मला पाहून लांबूनच भाव कमी करायचा. माझ्या विचारांचा प्रभाव, असं मला वाटे.

आमच्याकडे जवळच्या बाळकुम गावाहून एक कोळीण मासे घेऊन यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. एकदा कोळंबीचा वाटा घालता घालता ती म्हणाली, "सून माझी घेरी येऊन परली गो काल. त्या बुटांच्या शेडीत."

दुसऱ्या कुणीही "आता कशी आहे?" विचारलं असतं. मी विचारलं, "कुठल्या कंपनीचे बूट?"

शाळेच्या बुटांची नावाजलेली कंपनी निघाली. कंपनीनं काम दिलं कंत्राटदाराला, त्यानं बाळकुममध्ये एका आगऱ्याच्या जागेवर पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि गावातल्या बायका तिथे तळवे चिकटवत बसल्या. वाऱ्यानं सोल्युशन लवकर सुकतं म्हणून कंत्राटदार खिडक्या उघडू देत नव्हता. मला तर साखळी कडीसकट सापडली! मी इतकी खूश झाले, की मावशीशी घासाघीस करायचीही विसरले.

"तू मोठी मास्तरीन," मावशी म्हणाली. "त्या कंपनीला सांग, वास भाईर टाकनारा एक पंखा लावा. बाकी मना काय नको."

मी कंपनीचे थोडे शेअर घेतले आणि ठाण्यातल्या एका हॉलमध्ये भरलेल्या वार्षिक सभेला गेले. बाकीचे भागधारक कशासाठी आले होते ते त्यांच्या हातातल्या कूपनांवरून दिसत होतं. सभेनंतर खाण्याचा बॉक्स आणि भेट म्हणून बुटांचा जोड मिळणार होता. प्रश्नोत्तरं सुरू होताच मी उठले आणि अस्खलित इंग्रजीत सुरू झाले. उत्तरदायित्व, पारदर्शकता, नैतिकता, मूळ मालकाची जबाबदारी... मला माझाच आवाज फार आवडला. मागून एक आजोबा म्हणाले, "अहो बाई, आटपा की! सँडविचं सुकतायत."

अध्यक्ष हसून म्हणाले, "मॅडमनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला." टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. मी तरंगतच बॉक्स घेतला, जोडही घेतला. आमच्या घरात त्या मापाचा पाय नव्हता, तरीही घेतला.

दुसऱ्या दिवशी मावशीनं तो जोड उलटा करून तळवा अंगठ्यानं दाबून पाहिला. "आमच्या शेडीतला दिसतो. बोल्लीस?"

"खूप बोलले, मावशी! टाळ्या पडल्या."

"न् पंख्याचा?"

मी सगळं बोलले होते, पंख्याचं राहिलंच होतं.

मावशीनं टोपली डोक्यावर घेतली. "ऱ्हाऊ दे गो बाय. तू अभ्यास कर."

पुढे मे महिना आला. जूनच्या शाळांसाठी बुटांची ऐन घाई, आणि नेमकी मावशीच्या धाकट्याची हळद. मलाही आवतण होतं. पण 'भागधारकांच्या प्रश्नांचा परिणाम' हे प्रकरण लिहायचं होतं ना, मी गेले नाही. पुढचं मावशीकडून कळलं ते असं. हळदीला गाव लोटतं, त्यात शेडीतल्या सगळ्या बायका. दुसऱ्या दिवशी लग्न, मग पाहुणे, मग पूजा. ट्रक शेडीपुढे उभा आणि आत चिटपाखरू नाही. कंत्राटदार बोलवायला आला, तर बायकांनी त्यालाच नखशिखांत पिवळा केला, जेवायला बसवला आणि वाढता वाढता सांगितलं, "पंखा लाव, मंग येतो." संप असता तर त्यानं दुसरी माणसं आणली असती. सगळं गावच हळदीत, कुणाला आणणार? शेजारच्या पानावर जागामालक बसला होता. तो म्हणाला, "पंख्याला भित फोर, माजी ना नाय."

ट्रक भरण्याआधी पंखा लागला. सुनेची घेरी थांबली.

कंपनीच्या पुढच्या अहवालात 'आमच्या पुरवठादारांकडील हवेशीर वातावरण' असा परिच्छेद आला आणि शेजारी माझा फोटो, 'जागरूक भागधारक'. मी तो प्रबंधात पुरावा म्हणून जोडला. परीक्षकांनी वाखाणला. झाले डॉक्टर!

पेढे द्यायला बाळकुमला गेले तेव्हा प्रबंधही मिरवायला नेला. मावशीनं पेढा तोंडात टाकला, फोटो निरखला. "तोंड केवढा उघरलाय गो! न् यात आमचा पंखा कुठं हाय?"

"आहे की!" मी घाईघाईनं पान काढून दाखवलं. "हा बघा, इथे तळटीपेत. खाली, बारीक अक्षरात."

मावशीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. जवळच्या शेडीतून पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"बारीक का गो?" ती म्हणाली. "पंखा तं चांगला मोठा हाय."