मामाजी आणि गुळाची पुरचुंडी

मामाजींनी आयुष्यात कुणाचा चेहरा नीट पाहिला नसेल. त्यांनी पाहिले ते दात. ते माझ्या नवऱ्याचे मामा. मामी गेल्यावर वडनेरला आमच्याकडे राहायला आले. गुरांच्या बाजारात बैलाचा ओठ वर करून वय सांगायचे, म्हणून लोक त्यांना सोबत न्यायचे. ती खोड माणसांपर्यंत आली. माझ्या नणंदेला पाहायला मुलगा आला, तर चहाच्या आधीच म्हणाले, "पाहुणे, जरा तोंड उघडा." त्या बापड्याने उघडले. "पोरगा चांगला हाय, पन तंबाखू खाते." लग्न झाले. तंबाखूही खरी निघाली. एवढे करून मामाजींच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता.

महाराष्ट्र नुकता झाला होता तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे कापूस वेचणीला जाताना बाया फडक्यात गूळ बांधून ती पुरचुंडी तान्ह्याच्या तोंडात द्यायच्या. पोर चोखत झोळीत पडून राही. माझ्या आईने दिली, सासूने दिली, मीही थोरल्या मुलीला दिली. तिचे पुढचे दात काळे पडून झिजले. गाल सुजायचा, भाकरीचा घास तोंडात धरून ती रडायची. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचेच हायेत, पडतीन." पडेपर्यंत पोरीने काय सोसले ते मी पाहिले, तरी अक्कल आली नाही. मधू झाला, त्याचे खालचे दोन दात दिसू लागले आणि वेचणी आली. मी पुन्हा पुरचुंडी बांधली.

शेतात सगळ्या बायांसमोर मामाजींनी ती सोडली आणि गूळ स्वतःच्या तोंडात टाकला. "काऊन वं पोरी, एका लेकराचे दात नासवून मन नाई भरलं का तुयं?"

मी मोठ्यांपुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलले. "मंग तुमीच सांभाळा याले! मी कापूस वेचू, का याले घेऊन बसू?"

सासूबाईंचा हात बोंडावरच थांबला.

"सांभाळतो," मामाजी म्हणाले. "त्यात काय?"

आणि खरोखर सांभाळले. एवढ्या मोठ्या मिशांचा माणूस वेचणी संपेपर्यंत निंबाखाली झोळीची दोरी ओढत बसला. बाया हसायच्या. "मामाजी, आता दूधबी पाजा!" ते म्हणायचे, "आलं असतं त पाजलं असतं. तुमच्यावानी गूळ नसता देल्ला." मधू भुकेला झाला की मला हाक मारायचे आणि पाठ फिरवून बसायचे. मधल्या वेळी ज्वारीची पातळ पेज, वरणाचे पाणी. खाऊन झाले की बोटाला ओले फडके गुंडाळून हिरड्या पुसायचे. मधू कडकडून चावे. मग सगळ्या शेताला ऐकू जाई, "चावला! चावला!" कुणी पाहुण्याने पोराच्या हातावर बत्तासा ठेवला, तर पाहुण्यादेखत तो मामाजींच्या तोंडात जाई. पोरासाठी त्याग करतो म्हणायचे. मला विचाराल तर त्यांना गोड फार आवडायचे. दात त्यातच गेले असावेत.

मधूचे दात पांढरे आले, पांढरेच राहिले. तो मोठा झाल्यावर मामाजी त्याला फुटाणे देत आणि कान पुढे करून बसत. "खाय बे. मले आवाज ऐकू दे." स्वतः मात्र पेज प्यायचे, मधूच्याच जुन्या वाटीत. उपकार झाले असे म्हणायची आमच्यात रीत नाही. मी पेज दाट करायची आणि वर तूप घालायची. त्यांना कळत असावे. शेवटच्या आजारात पेजही घशाखाली जाईना, तेव्हासुद्धा मधूला फुटाणे दिले, खुणेने खायला सांगितले आणि डोळे मिटून पडून राहिले.

मधूचे केस आता पिकले. संध्याकाळी ओट्यावर बसून फुटाणे खातो. सून म्हणते, "केवढा आवाज करतात हे!"

मी म्हणते, करू दे.