सत्कार न घेण्याचा कायदा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

आधीच सांगतो, मी गर्विष्ठ माणूस आहे. कळंबसारख्या गावातून उठून विमानात बसलो, याचा गर्व आहे. बारामतीला शेतकी शिकलो, आणि नेदरलँडच्या अभ्यास दौऱ्यात आम्हा बारा शेतकऱ्यांत इंग्रजी बोलणारा मी एकटाच होतो, याचा तर फारच. गोरे लोक बोलायचे आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. असा मान कुणाला नको असतो?

आमच्यात वडीलधारे होते तात्या, माझ्या शेजारच्या रानातले. डाळिंबाचा बहार कसा धरायचा, छाटणी कुठं करायची, हे अख्ख्या गावाला त्यांनी शिकवलं. हातचं राखून कधी सांगितलं नाही. मीही त्यांच्याकडूनच शिकलो — कॉलेजात नाही.

शनिवार-रविवार सुट्टी होती, म्हणून आम्हाला झ्वोला नावाच्या एका शांत, लहानशा शहरात नेलं. बाजार भरला होता, पण कुणी ओरडत नव्हतं. आपल्या इंदापूरच्या बाजारात एकटी मिरचीवाली याहून जास्त आवाज करते. तिथं सफरचंदं विकणारा एक म्हातारा तात्यांना भेटला. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, तरी अर्धा तास दोघं फळं दाबून, देठ दाखवून, हातानं छाटणीच्या खुणा करून बोलत होते. मला कुणी विचारलंच नाही. ते मला लागलं का? लागलं.

मग तात्यांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. घरूनच आणला होता. आपली पद्धतच ती — मानाचा माणूस भेटला तर रिकाम्या हातानं सोडायचा नाही.

"ह्यांचा सत्कार करू. तू दोन शब्द बोल," म्हणाले.

लोक बघायला लागले. कुणीतरी मोबाईल काढला. आणि मला — मला लाज वाटली. तात्यांची. त्यांच्या टोपीची, त्या नारळाची.

"तात्या, हितं कायदा हाय," मी म्हणालो. "सत्कार घेतला तर दंड हुतो."

असा कायदा कुठं असतो का? पण तात्यांचा माझ्यावर विश्वास होता.

"आरं बाबा! मग ऱ्हाऊ दे. बिचाऱ्याला कशाला ताप?" त्यांनी शाल घडी घालून आत ठेवली. काय झालं, म्हणून म्हाताऱ्यानं मला विचारलं. मी म्हणालो, यांना थंडी वाजतेय. तर त्यानं स्वतःचा मफलर काढून तात्यांच्या गळ्यात घातला.

बसमध्ये तात्या हरखून म्हणाले, "दिलेलं चालतं, घेतलेलं न्हाय. काय मानसं हायती!"

गावी आल्यावर त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. नुसती सांगितली नाही — पाळली. तेव्हापासून कुणाचा हार नाही, कुणाची शाल नाही. मला त्यांचा अभिमान वाटायचा. अजून वाटतो. असा माणूस आमच्या गावात आहे, हे मी छाती पुढं काढून सांगतो. पण खरं काय ते सांगायला — एकदा तरी — तोंड उघडलं का मी?

गेल्या वर्षी गावानं त्यांचा सत्कार ठरवला. ज्यांना त्यांनी डाळिंब शिकवलं, त्या सगळ्या घरांतली माणसं आली. त्यांची बायको, आमच्या काकू, नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तात्यांनी उभं राहून हात जोडले.

"न्हाय म्हंजी न्हाय. तितली मानसं घेत न्हाईत, मग मी कोण लागून गेलो?"

काकूंनी मान खाली घातली. नवऱ्याच्या खांद्यावर गावाची शाल पडलेली त्यांना एकदा बघायची होती, बाकी काही नको होतं.

माईक माझ्याच हातात होता. एका वाक्याचं काम होतं. मी तात्यांच्या साधेपणावर दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या — आणि खरं सांगतो, त्या मला गोड लागल्या.