खुर्च्या न्या, अशील नाही

भावांच्या हाती लागू नयेत म्हणून घराचे मूळ कागद वकिलाकडे ठेवलेत आणि विसरलात ना? गॅसवरचं दूध तरी लक्षात राहतं का रे?

मी शरद वकिलांची आई. मला अक्षर येत नाही. शरदच्या सगळ्या अशिलांसाठी मी सांगतेय, नात टाइप करतेय.

शरद थकलाय, गिरगावातलं ऑफिस विकतोय. आज सकाळी घेणारे वकीलसाहेब आले. कपाटं पाहून म्हणाले, "अशील आणि त्यांचे कागद ऑफिससोबतच येतील ना?"

शरद होकाराची मान डोलावणार, तेवढ्यात मी म्हटलं, "साहेब, खुर्च्या न्या, पंखा न्या. माणसं विकायला काढलेली नाहीत."

"आजी, धंद्यात असंच चालतं."

"तुमच्याकडे चालत असेल. इथे नाही."

शरद हसला. "आधी सगळ्यांना विचारतो, मग बोलू," म्हणाला. साहेब फणकाऱ्याने गेले. व्यवहार मोडला तर मोडू दे.

तेव्हा या, आपापले कागद न्या, पुढचा वकील तुम्हीच निवडा. न विचारता तुम्हाला कुणाच्या हवाली केलेलं चाललं असतं का?

लगेच जमत नसेल तर फोन करा, कागद जपून ठेवू. करंज्या मात्र आधी पाठवा. ओल्या नारळाच्या, आणि घरच्या.