नानांचे अडतीस ग्रॅम

रविवारची जेवणं उरकली आहेत. मी दिवाणावर जरा आडवी होते. डोळे मिटतात, पण स्वयंपाकघरातल्या जुन्या फ्रीजची घरघर कानात चालूच आहे. उद्या नवा फ्रीज येणार, म्हणून हा आज रिकामा करायचाय. सगळं काढून झालंय, फ्रीझरमधलं एक पाकीट सोडून. ते माझ्या सासऱ्यांचं, नानांचं. त्यांना जाऊन चार महिने झाले.

नाना वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर त्यांनी घरी बिअर करायला घेतली आणि मदतीला तयार झाले ती मी एकटीच. पाकिटात हॉप्स आहेत. बिअरला कडूपणा आणि वास देणारी ही फुलं, वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या केलेल्या. दर वेळी थोड्या उरायच्या. "या उरलेल्यांचीच एकदा करू," नाना म्हणायचे. "पुढच्या रविवारी," मी म्हणायचे. असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी नाना दवाखान्यात होते.

घरघर थांबते. फ्रीजसमोर नाना उकिडवे बसलेत, बनियन आणि पायजम्यात.

"दार उघडं ठेवू नकोस गं, गारवा जातो."

"नाना, तुम्ही?"

"मग कोण? पाकीट दे."

मी देते, तर आम्ही त्यांच्या दुकानात आहोत. भिंतीवर काटे टांगलेत. वारा नाही, तरी सगळी पारडी हळूहळू हलताहेत. नाना चष्मा वर करून पाकिटावरची तारीख वाचतात.

"विनय म्हणतोय, जुने झालेत, फेकून दे," मी सांगते. विनय म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा.

"त्याला काय कळतंय! तू वास घे."

मी नाक लावते. "गवताचा येतोय. आणि थोडा संत्र्याच्या सालीचा."

"मग चांगले आहेत. जुन्या चीजसारखा कुबट आला असता, तर मीच फेकले असते."

"पण कडूपणा उतरला असेल ना?"

"थोडा उतरणारच. म्हणून नेहमीपेक्षा जास्त घाल. आणि सुरुवातीलाच घाल, तासभर उकळू दे. वासासाठी म्हणून शेवटी टाकशील, तर वाया जातील." ते गोळ्या पारड्यात ओततात. "अडतीस ग्रॅम. सगळे घातलेस तर पुरतील."

पारडं दवाखान्यातल्या खाटेवर ठेवलेलं आहे. बाहेर कुणाच्या तरी चपला वाजत जातात. नाना उशीला टेकून, गोळ्या परत भरून, पाकीट दाबून दाबून त्यातली हवा काढताहेत.

"नाना, मी नुसतं पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी म्हणत राहिले."

"हवा राहता कामा नये. हवेनेच खराब होतात."

"नाना, ऐका ना."

"ऐकतोय." ते हात थांबवतात. "अगं, मी पीत होतो किती? दोन घोट. तू पातेल्यापाशी उभी राहून ऑफिसातल्या गमती सांगायचीस, त्यासाठी माझा सगळा खटाटोप. त्या काय कमी ऐकल्या मी?"

मला हसू येतं आणि रडूही.

"आता विनयला उभा कर ढवळायला. त्याला सांग त्या गमती. हात दे बघू."

मी हात पुढे करते. ते पाकिटाचं रबरबँड काढून माझ्या मनगटात चढवतात.

"घट्ट आहे हो, नाना."

"असू दे."

"अनुजा, हे शेवटचं पाकीट टाकू का गं?" विनय स्वयंपाकघरातून विचारतोय. ऊन दिवाणावर आलंय.

"नको," मी उठून बसते. "मोठं पातेलं काढ. आणि आज तू थांबायचंस माझ्याबरोबर."

केस मागे सारायला हात वर करते, तेव्हा दिसतं. मनगटाभोवती बारीक लाल वळ आहे, सगळीकडून सारखा रुतलेला. हातात काहीच नाही. दिवाणावर, उशीखाली, कुठेच काही नाही. मी वळावर अंगठा दाबते. अजून दुखतो.